अंगठा वर

म्हसावद, ता. शहादा
४ ऑगस्ट २०२४

श्री. अजहर शेख यांना,
नमस्कार.

मी कोण ते आधी सांगते. १९ जानेवारीला तुम्ही ज्यांचा हात धरून समुद्राखाली गेलात, त्या भटू पाटलांची मी बायको, रंजनाबाई. अंदमानात त्या दिवशी मी किनाऱ्यावर नारळाच्या झाडाखाली बसले होते. तुम्हाला आठवत असेन किंवा नसेन.

तुमचा नंबर जावयांकडून मिळवला होता. तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तुम्ही "हां, बोलिये" म्हणालात आणि मी ठेवून दिला. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण हे बोलायला तोंड उघडेना. तुम्हाला मराठी येतं असं कळलं, म्हणून पत्र. पत्ता तुमच्या केंद्राच्या कार्डावरचा आहे.

तक्रार करायला लिहीत नाही. आमचे हे रिटायर झाले म्हणून लेक काजल आणि जावई ललितराव आम्हाला बेटावर घेऊन आले. समुद्राच्या तळाशी जाऊन यायचं हे ललितरावांनीच ठरवलं, आणि हे पोरासारखे हरखले. वीज मंडळात वायरमन होते, आयुष्यभर खांबावर चढले. मला म्हणाले, "आते खाले जाई दखसू." आता खाली जाऊन बघतो. आणि खाली गेलेला माणूस वर आला तो बोलण्याच्या पलीकडे. दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयविकार असं लिहून दिलं. यांना कधी काही नव्हतं. डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नाही त्यांनी.

दशक्रियेला माझे थोरले दीर रूपसिंगभाऊ सगळ्या गावासमोर म्हणाले, "जावाईनी हौस करी, आनि मन्हा भाऊ गया." तेव्हापासून काजल नाशिकला परत गेलेली नाही. नवऱ्याचा फोन घेत नाही. कॉलेजात तासावर शिकवायची, तेही सुटलं. ललितराव दोनदा येऊन ओट्यावरूनच परत गेले.

तुम्ही पाण्याखाली काढलेला फोटो आम्ही मोठा करून घेतला. तोंडात ती नळी, डोळ्यांवर काच आणि अंगठा वर. येणारा जाणारा म्हणतो, बघा, किती आनंदात होते. मी रोज बघते. काचेमागचे डोळे काही नीट दिसत नाहीत.

मला एवढंच विचारायचंय. बोटीत चढल्यापासून वर येईपर्यंत काय काय झालं? आणि ते खरंच आनंदात होते का? पाण्याखाली त्यांच्याजवळ तुमच्याशिवाय कुणी नव्हतं.

रंजनाबाई भटू पाटील

•

स्वराजद्वीप, अंदमान
२ सप्टेंबर २०२४

आदरणीय काकू,
सलाम.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही मला आठवता. हिरवं लुगडं होतं आणि काकांच्या चपला तुम्ही मांडीवर घेऊन बसला होता, वाळूत हरवतील म्हणून.

माझं मराठी लिहिणं दहावीनंतर सुटलंय, चुका पोटात घाला. मी नंदुरबारचाच. माझे अब्बा, युसुफ शेख, पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या बनवतात. हॉटेलातल्या नोकरीसाठी इथे आलो आणि चोविसाव्या वर्षी पोहायला शिकलो. आता सात वर्षं लोकांना पाण्याखाली नेतो.

बोटीवर मी सगळ्यांना हिंदीतून समजावत होतो. काका मध्येच काजलताईंना काहीतरी अहिराणीत बोलले. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, घाबरू नका, मी शे ना." ते माझ्याकडे बघतच राहिले.

"तू कोठला शे रे?"

"नंदुरबारना."

"आन् आठे काय करी ऱ्हायना, इतल्या दूर?"

"मच्छ्या दखाडस लोकेसले."

लोकांना मासे दाखवतो म्हटल्यावर इतके हसले की बोट चालवणारासुद्धा वळून बघायला लागला. मग सगळ्या वाटेत माझं बोट धरून सांगत होते. मामाचं गाव सारंगखेडा, तिथे तापीत पोहायला शिकले, म्हशीच्या शेपटीला धरून. पुराच्या पाण्यात एकदा पैज लावून पलीकडे गेले आणि मामाने चिंचेच्या फोकाने फोडून काढलं. मला म्हणाले, तुझी ती नळीबिळी सोड, मी दम धरूनच जाऊन येतो. इतक्या वर्षांत इथे माझ्या भाषेत कुणी माझ्याशी बोललं नव्हतं, काकू. फार बरं वाटलं.

खाली गेलो. त्यांनी पिवळ्या पट्ट्यांचे मासे बघितले, एक कासव बघितलं. कासवाच्या मागे जायचं म्हणून मला ओढत होते. फोटो काढला. मग त्यांना त्रास झाल्यासारखा वाटला, तसं मी लगेच वर आणलं. बोटीवर छाती दाबली, प्राणवायू दिला. बाकी तुम्हाला माहीत आहे.

हो, ते आनंदात होते. मी होतो तिथे.

काकू, एक सांगतो, राग मानू नका. त्यांच्या फॉर्मवर सगळ्या आजारांपुढे "नाही" लिहिलेलं होतं. तो फॉर्म केंद्राच्या कपाटात आहे. मालकांनी या विषयावर कुणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही असं बजावलंय. म्हणून हे पत्र कुठे दाखवू नका ही विनंती.

आपला,
अजहर

•

म्हसावद
२० ऑक्टोबर २०२४

श्री. अजहर यांना,
अनेक आशीर्वाद.

कासवाचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. काजलला वाचून दाखवलं, फक्त तेवढंच. ती हसली आणि मग उठून मागच्या दारी गेली.

तुम्ही घाबरला आहात. तुमच्यावर कोर्टकचेरी होणार नाही. फॉर्मबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून आता मला लिहावं लागतंय. ते वाक्य वाचल्यापासून दीड महिना मी हे पत्र मनात लिहिते आहे.

तो फॉर्म माझ्या अक्षरात आहे.

हॉटेलच्या ओसरीत सकाळी तुमच्या केंद्रातल्या मुलीने फॉर्म दिले. यांचा चष्मा खोलीत राहिला होता. मी एकेक प्रश्न मराठीत करून वाचत गेले. दमा आहे का? नाही. फिट येते का? नाही. हृदयाचा काही त्रास? मी थांबले. त्यांच्याकडे बघितलं.

आदल्या दिवाळीपासून त्यांना जिना चढताना छातीत धरायचं. शहाद्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली, गोळ्या दिल्या, जिभेखाली ठेवायची एक वेगळी दिली, आणि म्हणाले, नाशिकला जाऊन तपासणी करून घ्या, उशीर करू नका. ही तिकिटं तेव्हा काढून झाली होती. हे म्हणाले, फिरून आलो की जाऊ. काजलला कळलं तर ती सगळं रद्द करील, म्हणून तिला सांगायचं नाही. मी हो म्हणाले. गोळ्या माझ्या पर्समध्ये, हळदीकुंकवाच्या डबीशेजारी.

ओसरीत ते एवढंच म्हणाले, "लिख. नही." मी म्हटलं, अहो, खरं सांगू या त्यांना. तर म्हणाले, "रंजे, पस्तीस वरीस खांबवर गयात. एक डाव जाऊ दे." आणि असे बघितले की मला त्यांचा चेहरा लग्नातला दिसला. मी लिहिलं. "नाही." अक्षर माझं चांगलं आहे, तपासणीला येणारे साहेब वर्गाला दाखवायचे. ते तसंच सुरेख लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

तेव्हा तुमचा काही दोष नाही. तुम्हाला जे सांगितलं त्यावर तुम्ही विश्वास ठेवला.

आता पुढचं. हे काजलला माहीत नाही. ललितरावांना माहीत नाही. दीर ओट्यावर तसं बोलले तेव्हा मी आत पातेल्याशी बसले होते आणि ऐकत होते. उठून बाहेर जायला दहा पावलं होती. मी गेले नाही. वाटलं, आज नको, लोक आहेत. मग तेराव्याला वाटलं, आज नको. मग काजल नाशिकला जाईना, तेव्हा तर वाटलं, आता सांगितलं तर हीही जाईल आणि या घरात मी एकटी उरेन. खरं कारण तेच आहे. लेक जवळ राहावी म्हणून मी जावयाला दोषी राहू दिलं.

तिथीने ८ जानेवारीला वर्षश्राद्ध येतं. त्याआधी सांगायचं ठरवते आहे. बघू.

रंजनाबाई

•

नंदुरबार
२६ जानेवारी २०२५

काकू,
सलाम.

पत्ता बघून कळलं असेल, मी घरी आलोय. नोकरी सोडली. अब्बांच्या दुकानात पत्रा कापतो.

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी पाण्यात गेलो नाही, दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. तुम्ही लिहिलं होतं, तुमचा काही दोष नाही. ते वाचून मला मोकळं वाटायला हवं होतं. उलट झालं. मी तुम्हाला पहिल्या पत्रात खोटं लिहिलं, आणि तुम्ही मला खरं लिहिलंत.

८ तारखेला मी म्हसावदला आलो होतो. समोर बसून सांगायचं ठरवून सकाळच्या एस.टी.ने निघालो. तुमच्या अंगणात पंगत बसली होती. शोभाबाई म्हणून कुणी होत्या, त्यांनी विचारलं, "कोठला शे भाऊ?" मी म्हणालो, "वीज मंडळना." त्यांनी मला पाटावर बसवलं. समोर ओसरीत तो फोटो. हार घातलेला. एक म्हातारे गृहस्थ लहान पोरांना सांगत होते, "दखा, पानीमा बी मस्त व्हता मन्हा भाऊ." आणि फाटकाशी, चपला काढतात तिथे, ललितभाऊ उभे होते. एकटे. मी त्यांना लगेच ओळखलं. पंगत उठली, दुसरी बसली, पण त्यांना कुणी बस म्हणालं नाही. तुम्ही दोनदा दारात आलात, त्यांच्याकडे बघितलंत आणि आत गेलात. तेव्हा मला कळलं की तुम्ही अजून सांगितलेलं नाही. मी पान तसंच ठेवून उठलो.

आता ऐका.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा असतात. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ एकच, मला वर न्या. जगात सगळीकडे हाच अर्थ. बोटीवर मी काकांना तीनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "जनमभर अंगठा दखाडीसन मस्त म्हननूत, आते गोल कसा करू रे?" आम्ही दोघं हसलो होतो.

खाली कासव निघून गेल्यावर त्यांनी अंगठा वर केला. मला वाटलं, मस्त म्हणतायत. नियम असा आहे की वाटायचं नाही. अंगठा दिसला की विचार न करता वर आणायचं, मग वर आल्यावर हवं तर हसायचं. दुसरा कुणी पाहुणा असता तर मी तसंच केलं असतं, सात वर्षं तसंच केलं. पण हे आपले, गावचे. मी त्यांना हाताने थांबा म्हणालो, कॅमेरा काढला आणि फोटो घेतला.

तुमच्या ओसरीत लावलाय तो फोटो हा आहे, काकू. ते मस्त म्हणत नव्हते.

त्यानंतर आणखी चार मिनिटं मी त्यांना खाली ठेवलं. एक मोठं प्रवाळ होतं, ते दाखवायचं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की मी वळून डोळ्यांत बघितलं. मग वर आणलं. पाण्याच्या वर आल्यावर त्यांनी तोंडातली नळी काढली आणि एकच शब्द बोलले. "रंजी." मला वाटलं गावाचं नाव आहे, की देवाचं. तुमच्या पत्रात वाचलं तेव्हा कळलं.

त्या चार मिनिटांनी फरक पडला असता का, हे मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी त्या "सांगता येत नाही"वर वर्ष काढलं.

माफी मागायची मला लाज वाटते, तरी मागतो. दुकानाचा पत्ता वर दिलाय. तुम्ही पोलिसांत द्या म्हणालात तर मी स्वतः जाऊन सांगेन. फक्त ललितभाऊंना फाटकाशी उभं ठेवू नका.

अजहर

•

म्हसावद
६ एप्रिल २०२५

अजहर,

दोन महिने तुला लिहिलं नाही. आधी एक महिना तुझा राग होता. तो खरा होता, लपवत नाही. फोटो मी त्याच दिवशी काढून कपाटात उलटा ठेवला. दिरांनी विचारलं तर मी म्हणाले, काच फुटली. बघ, अजून माझी खोटं बोलायची सवय.

मग एका दुपारी काजल मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर तुझी दोन्ही पत्रं ठेवली आणि गोळ्यांची पट्टी ठेवली. अजून पर्समध्येच होती. म्हटलं, वाच. ती वाचत असताना मी फॉर्मचं सांगितलं.

ती रडली नाही. बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "आई, बाबांचं मी समजू शकते. त्यांना जायचं होतं. पण तू मला वर्षभर रोज वाढलंस. रोज माझ्यासमोर बसून जेवलीस. एकदाही तुझ्या घशात अडकलं नाही?"

 अडकलं होतं, पण गिळत गेले.

दुसऱ्या दिवशी दिरांना ओट्यावर बोलावलं. चार माणसं असतील तेव्हाच बोलावलं, कारण आरोप चार माणसांत झाला होता. सांगितलं. रूपसिंगभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "रंजनाबाई, मी त्या पोऱ्याले पानी बी नही इचारं." एवढंच म्हणाले आणि उठून शेताकडे गेले.

मग आम्ही दोघी नाशिकला गेलो. काजल खाली रिक्षात थांबली, म्हणाली, आधी तू जा. चौथा मजला, लिफ्ट बंद. ललितरावांनी दार उघडलं आणि मला बघून सवयीने पाया पडायला वाकले. मी त्यांचे हात वरच्यावर धरले आणि उंबऱ्यातच उभी राहून सगळं सांगितलं. शेजारीण दार किलकिलं करून ऐकत होती, तिलाही ऐकू दिलं. फॉर्म, गोळ्या, ओट्यावरचं माझं गप्प राहणं. तुझं अंगठ्याचंही सांगितलं.

 ते किती वाळलेत. शेवटी म्हणाले, "आई, त्या दिवसापासून मी रोज स्वतःला सांगत आलो की मीच मारलं बाबांना. आधी पटत नव्हतं. काजलने फोन उचलणं बंद केलं तेव्हा पटलं. आता तुम्ही म्हणता, तसं नव्हतं. बरं झालं सांगितलंत. पण मला त्याची सवय झालीय आता."

मी म्हटलं, काजल खाली रिक्षात आहे.

ते गॅलरीत गेले. वरून बघितलं. बराच वेळ बघत राहिले. परत येऊन म्हणाले, "तिला म्हणावं, आज नको." आणि मला पाणी आणून दिलं.

मी खाली आले. काजलने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, बसस्टँड.  धुळ्याला चहा घेतला तेव्हा म्हणाली, "गेल्या वर्षी याच दिवसांत तो ओट्यावर आला होता. तेव्हा मी पण वरच्या खिडकीतून बघितलं आणि खाली आले नाही." 

आता ती शहाद्याला एका खाजगी शाळेत जाते. संध्याकाळी घरी येते, कामापुरतं बोलते. रविवारी ललितरावांना फोन लावते. ते उचलतात. दोघं किती वेळ बोलतात मला माहीत नाही, मी तेव्हा मागच्या वाड्यात जाऊन बसते. पुढे काय होईल ते मी विचारत नाही. विचारायचा अधिकार माझा मीच घालवला.

तू पोलिसांत जायचं म्हणतोस. जाऊ नको. माझ्या "नाही"शिवाय तुझा अंगठा चुकला नसता, आणि तुझ्या चुकीशिवायही कदाचित हेच झालं असतं. डॉक्टर म्हणाले ते खरंय, सांगता येत नाही. तुला माफ केलं असं लिहायला बसले होते, पण ते लिहिता येत नाहीये. स्वतःला केलं असतं तर तुलाही करता आलं असतं. मात्र एक सांगते. तुझी चूक चार मिनिटांची होती आणि तू समोर आलेल्या माणसाला आपला मानलंस म्हणून झाली. माझी चौदा महिन्यांची. रोज सकाळी उठून, चहा ठेवून, मी ती नव्याने करत होते.

ते वर आल्यावर काय म्हणाले, ते तू लिहिलंस. त्यासाठी तुझे उपकार मानावे की तुला शिव्या द्याव्या, मला कळत नाही. ते शब्द मी काजलला वाचू दिले नाहीत. तो कागद मी आधीच दुमडून ठेवला होता. तेवढं एक माझ्याकडे राहू दे.

तुझ्या दुकानाचा पत्ता मात्र काजलला दिला आहे. तिला तुला काही विचारायचंय, काय ते मला सांगत नाही. तिचं पत्र आलं तर उत्तर दे. आणि खरं लिही, पहिल्याच पत्रात.

रंजनाबाई